समीरच्या बापाले मारून टाका

मंगळवार, संध्याकाळ. नेहरू नगर.

माझ्या ऑनलाइन कादंबरीचा नववा भाग काल टाकला. समीरचं एका पोरावर प्रेम आहे हे त्याच्या बापाले कळते आन् बाप त्याले पाण्याच्या पाइपानं झोडपते. आज वाचकांचा नुसता कल्ला. 'बापाले मारून टाका.' 'झोपेत तोंडावर उशी दाबा.' एकानं लिहिलं, 'समीरनं तोच पाइप घेऊन बापाचे दात पाडावे.' वाचून मले मजा आली. खोटं कायले लिहू?

तो पाइप माझ्या मनचा नाही. हिरवा होता. मी कॉलेजात असताना बाबांनी मले त्यानंच मारलं, पाठ फुटेपर्यंत. आई मधे पडली, तर तिलेही लागला. कारण समीरचं होतं तेच.

सहा वाजता बाबांच्या डोळ्यात औषध टाकायचं होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना. मी त्यांचा जबडा धरला आन् तो हिरवा पाइप आठवला. बोटं दाबल्या गेली. दाबल्या गेली का? मीच दाबली. गाल दातात सापडला, ओठावर रक्त आलं. बाबा ओरडले नाही.

"अजून राग आहे का रे?"

"आहे."

सोळा वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मी जबडा सोडला. ते उठून जातील असं वाटलं. त्यांनी बाहीनं रक्त पुसलं, मान मागं टाकली आन् डोळा उघडा धरला. माझा नेम चुकला, थेंब गालावर पडला.

"दुसरा टाक," बाबा म्हणाले.