पुलाखालची खुर्ची

२९ असार
परवा आषाढाबरोबर आर्थिक वर्ष संपतं. नेपाळातले सगळे पूल, गटारं आणि रस्ते याच आठवड्यात पूर्ण होतात. सिउरेखोल्यावरच्या पुलाचा ठेकेदार सकाळपासून घरी ठाण मांडून बसलाय. मधल्या खांबाचा पाया खडकापर्यंत नेला असं प्रमाणपत्र त्याला हवंय. डिझाईन माझं, म्हणून सही माझी.

साइटवर आमच्याच ऑफिसची रोजिना महर्जन आहे. कॉलेजातून बाहेर पडून तीन वर्षं झाली नाहीत. तिचा फोन आला. सर, हा खडक नाही, नदीने आणून टाकलेला मोठा धोंडा आहे, खाली गाळ लागतोय, एकदा येऊन बघा. मी म्हणालो, धोंडा कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. गावच्या वॉर्डाचे अध्यक्ष टेकबहादुर घर्ती तर सांगतात, तो खडक त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून तिथंच आहे. एवढा पुरावा पुष्कळ झाला.

‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली’ याखाली सही केली. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माणूस घरबसल्याही प्रत्यक्षच पाहतो.

संकल्प: पाऊस ओसरला की स्वतः जाऊन बघायचं.

१४ भदौ
रोजिनाने फोटो पाठवलेत. पुराने खांबाच्या बुडाची वाळू उपसून नेली म्हणे. उघडले नाहीत. मोबाईलवर फोटो बघून मत देणं व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. शिवाय चष्म्याचा नंबर बदललाय.

आगाऊ कार्टी. हिच्या वयात आम्ही साहेबांसमोर खुर्चीत बसत नव्हतो.

३ कात्तिक
दसैंच्या सणाला मटण जरा जास्त झालं. युरिक ॲसिड वाढलं, पायाचा अंगठा सुजलाय. साइट आता तिहारचे दिवे लागून गेल्यावर.

जेवताना शोभा म्हणाली, अहो, त्या गावच्या मुली अजून पाण्यातूनच शाळेला जातात ना? मागच्या साली एक आठ वर्षांची वाहून गेली, म्हणूनच पूल मंजूर झाला ना? मी विचारलं, तुला कोणी सांगितलं. रोजिनाने. म्हणजे आता ही माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. बायकोशी दोन दिवस बोलायचं नाही, असं ठरवलं. चहा मागावा लागला, म्हणून बोललो.

५ मंसिर
इंजिनिअरांच्या प्रशिक्षणात माझं व्याख्यान: ‘नीती आणि जबाबदारी’. रंगलं. नवी पिढी कशी बेजबाबदार आहे ते उदाहरणांसह सांगितलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर तिसऱ्या रांगेतून रोजिना उठली. सर, न बघितलेल्या कामावर सही करणाऱ्याला काय म्हणायचं?

सभागृह फिदीफिदी हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, जुने लोक स्वतः बांधलेल्या पुलाखाली उभे राहायचे आणि मग वर वजन चढवायचे. सिउरेखोल्याच्या चाचणीला वाळूने भरलेले दोन टिपर ट्रक पुलावर उभे करा, मी खाली खुर्ची टाकून चहा पितो.

टाळ्यांचा कडकडाट. रोजिना खाली बसली. जिंकलो.

८ मंसिर
कोणीतरी व्हिडिओ काढला होता. तो गावात पोचलाय. घर्तींचा फोन आला. इंजिनिअर साहेब, तुम्ही आमची मान उंच केलीत, लग्नाच्या मांडवातली लाल मखमली खुर्ची सांगून ठेवलीय. चाचणी २० तारखेला. साधी प्लास्टिकची चालेल म्हणालो. ते म्हणाले, छे, फोटोत दिसली पाहिजे.

१५ मंसिर
संकल्प: आदल्या दिवशी जाऊन पाया बघायचा. त्याआधी सगळं गणित नव्याने तपासायचं. फाईल काढून टेबलावर ठेवली. टेबल आधी आवरायला हवं.

शोभाला सहज विचारलं, मला काही झालं तर? ती म्हणाली, पूल चांगला आहे ना? उत्तम आहे म्हणालो. मग काय होणार, म्हणाली आणि मुळा चिरत बसली. या बाईला काळीज नाही.

१९ मंसिर
आज जाता आलं नाही. अंगठा.

२० मंसिर, सकाळ
जीप रस्त्याकडच्या काठावर सोडली. बाजा वाजवत मला पुलावरून चालवत पलीकडे गावात नेलं. मी दोन्हीकडे हात हलवला. हिवाळ्यात पाणी एका अंगाला सरतं, मधला खांब कोरड्या वाळूत असतो. खुर्ची तिथंच मांडलीय.

सहज म्हणून खांबाच्या बुडाशी गेलो. धोंड्याखाली फट दिसली. त्यात छत्री घालून पाहिली. मुठीपर्यंत आत गेली. हल्ली छत्र्या फार आखूड करतात.

रोजिना मागे उभी होती. म्हणाली, सर, तुम्ही एक शब्द लिहून द्या, सही मागे घेतो म्हणून. चाचणी थांबेल, पाया दुरुस्त होईल. मी म्हणालो, तू आधी माझी माफी माग. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. असं बघणं उद्धटपणाचं असतं.

२० मंसिर, दुपार
सगळा गाव काठावर. चहा घेऊन जुनमाया घर्ती आली. वाहून गेलेली मुलगी हिचीच, हे मला कोणी आधी सांगायला नको का? ती म्हणाली, बसा साहेब. तुम्ही बसलात की मी धाकटीला यावरून पाठवीन.

मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर येतंय, खुर्ची थोडी अलीकडे घ्या. घेतली. म्हणालो, वाळूत पाय रुततोय, अजून थोडी. होता होता खुर्ची पुलाखालून पार बाहेर, संत्र्याच्या झाडाखाली गेली. घर्ती दातओठ खात म्हणाले, साहेब, पूल तिकडे आहे. मी सांगितलं, निरीक्षणासाठी लांबूनच नीट दिसतं.

वर पुलाच्या तोंडाशी थांबलेल्या पहिल्या टिपरचा ड्रायव्हर फुर्बा हे सगळं केबिनमधून बघत होता. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि खाली उतरला. म्हणाला, ज्याने बांधला तो खाली बसत नाही, तर मी वर कशाला चढू?

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. घर्तींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, काळजी नको, परवा दुसरा ड्रायव्हर आणतो, उद्घाटनही उरकून टाकू, तुम्ही फक्त सही कायम ठेवा. विचार करतो म्हणालो.

२० मंसिर, संध्याकाळ
जीप पलीकडे. पुलावरून जाणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न होता. बूट हातात घेतले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरलो. सगळा गाव काठावरून बघत होता. पाणी बर्फासारखं. जुनमाया पुढे झाली आणि माझं मनगट धरून चालू लागली. हिची पकड गरजेपेक्षा घट्ट होती.

मधोमध आल्यावर तिने विचारलं, सही कोणाची आहे? मी म्हणालो, बाई, त्याची एक प्रक्रिया असते.

तिने हात सोडला.

२१ मंसिर
ताप. बूट वाहून गेले.

माणूसघाणे लोक. एवढ्या गावातून मला ओढून काढायला पाण्यात आली ती एकटी रोजिना.

पाणी माझ्या गुडघ्याएवढंच होतं. पाय सटकून खाली बसलो तेव्हा ते छातीशी आलं आणि मला उठता येईना. आठ वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ते उभ्यानेच तेवढं येत असणार. हे मला नकाशावर कधी दिसलं नव्हतं.

घर्तींचा दुसरा ड्रायव्हर उद्या सकाळी येतोय.

फोन वाजतोय. रोजिनाच असणार. पाय शेकून झाले की उचलतो.