समोरच्या हॉटेलातली बोहणी

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज कोर्ट सुटल्यावर ऑफिसात बसून मी तुमच्यावरच चिडलोय. कारण ऐका.

बीडमधले एक क्लासवाले. त्यांचा फिजिक्सचा मास्तर नोकरी सोडणार अशी कुणकुण लागली, तर त्यालाच सोबत घेऊन सकाळी माझ्याकडं आले. "वकीलसाहेब, असा बाँड करा की हे सर सोडून गेले तर पाच वर्षं अख्ख्या जिल्ह्यात खडूला हात लावणार न्हाईत." मास्तर मान खाली घालून बसलेला. त्याचं घर इथं, म्हातारी आई इथं, आणि शिकवण्यापलीकडं त्याला दुसरं काही येत नाही. मी समजावलं. नोकरीत असेपर्यंत दुसरीकडं शिकवायचं नाही, ही अट चालते. सोडताना आधी कळवायचं, क्लासचे पेपर न्यायचे नाहीत, हेही टिकतं. पण नोकरी सुटल्यावर माणसाला त्याचा धंदाच करू नको म्हणणारी अट कायद्यानं रद्द. मग ती स्टॅम्पपेपरवर लिहा नाहीतर ताम्रपटावर. माझा ज्युनियर सोडून गेल्यापासून टायपिंग मीच करतो, तेव्हा टिकेल तेवढं एका पानात बसवून पुढं ठेवलं. क्लासवाल्यांनी पान उलटून बघितलं. मागं कोरं. "एवढंच? मग तुमाला फीस कशाची द्यायची? कोर्टात टिकंना का, वाचून घाबरला तरी लई झालं." आपल्याकडं लोक वकिलाकडं कायद्यासाठी येतच नाहीत, अण्णा, बुजगावणं शिवून घ्यायला येतात.

आणि मला नेमकं तुमचं तेलगावचं हॉटेल आठवलं. तुमच्या हाताखाली शिकलेला आचारी निघून गेला आणि रस्त्यापलीकडं त्यानं स्वतःची कढई मांडली. पहिल्याच सकाळी तुम्ही धोतर सावरत रस्ता ओलांडता, मी मागं. तो झारा हातात धरून तसाच उभा. तुम्ही बाकड्यावर बसता, पहिली प्लेट मागवता, सगळे बघत असताना सावकाश खाता आणि म्हणता, "मीठ कमी हाय बे." पैसे ठेवून परत. आई भडकली होती, "कशापायी गेलतात तिथं?" तुम्ही म्हणालात, "बोहनी आपुनच करायची असती. आपल्या हातचा मानूस हाय. त्यो बुडाला तर लोक म्हनतील, यानं काय शिकिवलं." नंतर दिवसभर मात्र तुम्ही कुणाशी धड बोलला नाहीत.

हे मी क्लासवाल्यांना सांगून बसलो. ते हसले. "तुमचे वडील देवमानूस. तुमी गेलतात का तुमच्या ज्युनियरच्या हापिसात? समोरच तर हाय." मास्तरानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. मी फाइल शोधायला लागलो. क्लासवाले उठले, जाडजूड बाँड करून देणारे वकील बीडात कमी नाहीत. माझं पान टेबलावरच राहिलं. जाता जाता मास्तरानं ते घडी घालून खिशात टाकलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. ज्युनियर ऑफिसच्या उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला आला होता, पाया पडला. मी म्हणालो, त्या दिवशी अंबाजोगाईला तारीख आहे. तारीख नव्हती. खिडकीतून त्याची पाटी दिसते. अक्षरं वाकडी आहेत. ते सांगायला तरी जायला हवं.