जुनं करणारीचं नवं कपाट

मी, खाली सही करणारी, लाकडी सामानाच्या कारखान्याची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि माझ्या दिराने तो उजेडात धरून दोनदा वाचला आहे. गुडघे आणि डावा कान सोडले तर माझी कशाबद्दल तक्रार नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याचा समाचार पुढे घेतला आहे.

लोक मला 'जुनीवाली' म्हणतात. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, टोपणनाव लिहायचं तर खुलासाही लिहा, नाहीतर उद्या कोणीतरी शंका काढेल." तो खुलासा असा.

आमचा कारखाना शहराच्या हद्दीबाहेर, जकात नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. शहरात जाणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूवर जकात होती. लाकडावर, खिळ्यांवर, पॉलिशच्या डब्यावरसुद्धा. त्यामुळे शहराच्या आतल्या एका सोफावाल्याच्या खुर्चीला पाय चार असले तरी ती उभी असायची जकातीवर. कर व्यापाऱ्याकडून घेतो असं नगरपालिका सांगायची. व्यापारी तो किमतीत मिसळायचा आणि गिऱ्हाईक निमूट भरायचं. दिवाणखाना सजवणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे, पण जन्मात एकच पलंग घेणाऱ्यालाही दर तोच. मग अशी माणसं चालत आमच्याकडे यायची. आमचा माल स्वस्त, पण तो आत न्यायचा तर पुन्हा नाका आडवा. माफी होती ती फक्त घरातल्या वापरलेल्या सामानाला.

तिथे माझा धंदा सुरू झाला. नवरा जीव ओतून कपाट बनवायचा आणि मी ते जुनं करायची. दारावर किल्ल्यांचा जुडगा घासायचा, वरच्या फळीवर गरम कप ठेवून गोल डाग पाडायचा, पॉलिशचा वास मरावा म्हणून आत डांबराच्या गोळ्या टाकायच्या. पहिल्यांदा त्याने पाहिलं तेव्हा तो जेवला नाही. "अगं, माझ्या कामाचा चेहरा ओरबाडतेस तू," म्हणाला. पण गिऱ्हाईक तेच मागत होतं आणि पोट तर भरायचं होतं. तो लवकर गेला. मी रंधाही शिकले आणि ओरखडे पाडणंही सोडलं नाही.

कलम पहिलं. कारखाना, जागा, यंत्रं आणि हत्यारं माझ्या पुतणीला द्यावीत. ती दिराची मुलगी, पण हात माझ्या नवऱ्याचा घेऊन आली आहे. जकात उठली तेव्हा आतले व्यापारी रस्त्यात नाचले, मीही टाळ्या वाजवल्या. पुढे कळलं की गिऱ्हाईक माझ्या कारागिरीवर भाळून येत नव्हतं. ट्रक थेट आत जाऊ लागले, यंत्रावरचा माल स्वस्त झाला आणि आमच्या दारात धूळ बसली. लोकांचं भलं झालं, ते व्हायलाच हवं होतं. अशा दिवसांत ही मुलगी थांबली, म्हणून कारखाना तिचा.

कलम दुसरं. बँकेतली ठेवही तिलाच. तिने ती लग्नात उडवली तरी चालेल आणि लग्न न करता उडवली तरी चालेल.

कलम तिसरं. दिराला पुढची खोली हयातभर वापरायला मिळावी. तो दारात ज्या खुर्चीवर बसतो ती खुर्चीही त्याला द्यावी. नवरा गेल्यावर तिच्यावर बसून त्याने माझ्यावर नजर ठेवली. मी नाक्यावर कोणाशी किती वेळ बोलते, हसले तर का हसले, सगळ्याची चौकशी व्हायची. हल्ली माझ्या शेजारी बसून "वहिनी, सहीचं काय ते बघा," म्हणतो. बघितलं, भावजी. खुर्ची तुमची.

कलम चौथं. आतल्या सोफावाल्याला माझ्या पॉलिशची कृती द्यावी. तो सचोटीने जकात भरायचा आणि त्यापायी गिऱ्हाईक गमवायचा. नगरपालिकेत जाऊन मला चोरटी म्हणायचा. त्याचं गणित बरोबर होतं, तोंड वाईट होतं. त्याच्या सोफ्याचं पॉलिश वर्षाच्या आत सोलतं, हे मला बघवत नाही. पण कृती मी मेल्यावरच द्यावी. त्याला खूश झालेलं पाहण्याइतकं माझं मन मोठं नाही.

कलम पाचवं. हे लिहिताना वकीलबाईंनी तीनदा पेन खाली ठेवलं.

नाक्यावर एक कारकून होते. माणूस सरळ. पहिल्याच खेपेला कपाटाला नाक लावून म्हणाले, "बाई, हे कपाट काल जन्मलंय," आणि पावती फाडली. मला राग आला आणि मजाही वाटली. पुढच्या खेपेला मी कप्प्यात एक बटण, केसांचा आकडा आणि लहान मुलाचा एक मोजा टाकला.

त्यांनी मोजा उचलला. "कोणाचा?"

"धाकट्याचा," मी म्हटलं.

"आणि दुसरा पाय?"

"तो एकाच पायात घालतो. हट्टी आहे."

ते हसले नाहीत, पण गाडी सोडली. मला मूलबाळ नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून दर कपाटाबरोबर आमचं एक घर नाक्यातून आत जायचं. कधी औषधाची रिकामी बाटली असायची, मग ते विचारायचे, "ताप उतरला का?" कधी शाईचा डाग, मग "परीक्षा कशी गेली?" जे गिऱ्हाईक सामान नेत असे ते आमच्या तोंडाकडे बघत राही. मोजे मोठे होत गेले. सगळ्याच खेपा सुटल्या असं नाही. "आज चालणार नाही, बाई. मोजा नवा आहे," म्हणून त्यांनी कितीदा तरी पावती फाडली आहे. त्याचंही मला सुख वाटायचं, कारण त्या दिवशी पावती होईपर्यंत समोर उभं राहता यायचं.

याच्या पलीकडे आम्ही एक शब्द बोललो नाही. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, माझ्या घरी खुर्चीतला दीर. मग जकात उठली, आडवा बांबू निघाला, त्यांची बदली आतल्या कचेरीत झाली. रस्ता मोकळा झाला आणि माझं जाणंयेणं संपलं. कोणत्या निमित्ताने जाणार? मला त्यांची आठवण येते. कामात असताना येते, रिकामी बसले तर जास्त येते. एवढ्या वर्षांत ती कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही. हे मी कोणाजवळ बोलले नाही, म्हणून इथे लिहवून घेत आहे.

नाका उठला त्या आठवड्यात मी एक कपाट करायला घेतलं. ते वर माळ्यावर झाकून ठेवलं आहे. त्याच्यावर एकही ओरखडा नाही, डाग नाही, कप्पे रिकामे आहेत. ते माझ्या पश्चात त्या कारकुनांना पोचवावं आणि वाटेत कोणी ते घासू नये.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, नुसतं 'कारकून' लिहून चालत नाही. पूर्ण पत्ता लागतो." मला तो माहीत नव्हता. त्यांनी कचेरीत चौकशीला माणूस पाठवला, म्हणून उरलेला मजकूर आठवडाभर अडला.

कलम सहावं. आज हे कलम वाढवत आहे. कलम पाचवं रद्द समजावं.

कारण असं की, पत्त्याऐवजी माणूसच आला. काल दुपारी मी पुतणीला रंध्याचं पातं कसं लावायचं ते दाखवत होते. दारात काठी टेकवून ते उभे होते. आत या म्हणेपर्यंत आत आले नाहीत. केस पांढरे, पण नजर तीच, तपासणीची.

"माझा पत्ता विचारलात म्हणे," ते म्हणाले. "म्हटलं, बाई आजारी आहेत की काय."

मी सांगितलं, "नाही हो. मृत्युपत्र करतेय. तुम्हाला एक कपाट ठेवलंय."

ते बाकावर बसले. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, एकटाच राहतो, एवढं म्हणाले. मी विचारलं, "मग आलात का नाही?"

"नाका होता तोवर तुम्हाला थांबवायचा मला अधिकार होता," ते म्हणाले. "नंतर कोणत्या अधिकाराने येणार?" मग काठीकडे बघत म्हणाले, "आणि मेल्यावर कपाट देणार होय? मी तुमच्याहून मोठा आहे. हा हिशेब साफ चुकलाय, बाई."

दीर खुर्चीतून हे ऐकत होता. त्याला मी चहा सांगायला पाठवलं. तो गेला.

आजही ते आले होते आणि वकीलबाईंना दुसरा साक्षीदार हवा होता. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा त्यांनी समजावून सांगितला. "आजी, यांना कपाट द्यायचं की यांची सही घ्यायची, ते ठरवा."

मी ठरवलं आहे. या मृत्युपत्रान्वये त्यांना माझ्या पश्चात काहीही मिळू नये. जे द्यायचं आहे ते मी हयातीत देईन, आणि सुरुवात आजपासून आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला आणि पटला. कोऱ्या जागा रेघ मारून बंद केल्या आहेत. सही माझी आहे, अक्षर वाकडं आलं त्याला हात कारण आहे, मन नाही.

ठिकाण: कारखान्यातला बाक, रंध्याच्या टेबलाशेजारी.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती.

सही: जुनीवाली, कारखान्याची मालकीण.

साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: निवृत्त जकात कारकून. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.