बंद दवाखान्यामागील जुन्या बाटल्या उकरू देणेबाबत

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, पहिला मजला.

विषय : बंद दवाखान्यामागील मोकळ्या जागेत काचेच्या जुन्या बाटल्यांसाठी खोदकामाची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा वृक्षारोपणाचा अर्ज (जो खरा नव्हता).

महोदय,

१. मी सदर दवाखान्यात एकतीस वर्षे कंपाउंडर होते. तीन महिन्यांपूर्वी तेथे पाइपलाइनसाठी निघालेल्या मातीत मला एक निळी, उभ्या रेघांची बाटली मिळाली. विषारी औषध अंधारातही बोटांना कळावे म्हणून अशा रेघा असत. पुसताच तिचा रंग असा उजळला, की कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. घरी फक्त थोरल्या नणंदबाई. यजमान गेल्यापासून आम्हा दोघींचे बोलणे दूध आले का, दार लावले का, एवढेच. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हिच्या बहिणी असतील की गं तिथं!"

२. दुसऱ्याच दिवशी आम्ही कामाला लागलो. नणंदबाई लोखंडी सळई मातीत हळूच खुपसतात. दगड लागला तर खट्ट, काच लागली तर टिक्. मग मी कुदळीने माती सैल करून खुरप्याने उकरते. राखेचा काळा थर लागला, की जुना उकिरडा सापडला असे समजावे. चौथ्या दिवशी पहारेकऱ्याने हटकले, "बाई, काय पुरलंय इथं?" बाटल्या, म्हटले. "भरलेल्या?" रिकाम्या आहेत असे कळताच त्याने आमची कुदळ जप्त केली.

३. आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर चौकशी केली असता लिपिकांनी सांगितले, की छापील अर्जात खड्ड्याची कारणे तीनच : नळ, खांब व झाड. "ताई, झाड लिहा ना, कुणाचं काय जातंय?" मी झाड लिहिले. तीन खड्डे मंजूर झाले, तीन रोपे मिळाली. खड्ड्यांतून गोटीच्या सोड्याची एक व शाईच्या दोन बाटल्या निघाल्या. रोपेही लावली. ती जगली, हा माझा अपराध. उद्यान विभागाने खूश होऊन आमच्या जिन्यात आणखी दोनशे रोपे आणून ठेवली आहेत. नणंदबाईंना आडवे होऊन चढावे लागते.

४. खड्डे तपासायला आलेले लिपिक स्वतःच खाली उतरले. त्यांना मात्रेच्या खुणा असलेली अखंड बाटली सापडली. ती ते मला हातात घेऊ देत नाहीत. पहारेकरीही आता आमचीच कुदळ घेऊन येतो. गेले तीन दिवस खिडकी बंद असून नागरिकांची रांग खड्ड्याशी लागते.

५. येत्या सोमवारी तेथे पार्किंगचे काँक्रीट पडणार असल्याचे समजते. साहेब, एकदा पडले की संपले. नणंदबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. हल्ली जेवताना त्या बाटल्यांबद्दल बोलत सुटतात आणि माझे ताट कधी रिकामे झाले तेही मला कळत नाही. तरी काम पंधरा दिवस पुढे ढकलून या वेळी खऱ्या कारणासाठी परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू, निदान यापुढे तरी,
(निवृत्त कंपाउंडर)
दिनांक : ९ मार्च

सोबत : १) वृक्षारोपणाचा मंजूर अर्ज, परत.
२) या अर्जाची पोच. लिपिकांनी ती खड्ड्यातूनच दिल्याने शिक्क्यावर माती आहे, क्षमस्व.