न्हाणीची पितळी कडी

पुणतांबा, ११ जानेवारी २०२६

ती. पुष्पावती आत्यास,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. तुमच्या शेंडी गावात रेंज धड नसते आणि आमच्याकडे अण्णा फोन स्पीकरवर टाकतात. शाळेत जायच्या आधी अक्षरं तूच गिरवून घेतलीस, म्हणून चुका काढशील हे माहीत आहे. पण आधी मजकूर वाच.

माझ्या हातून विश्वासघात झाला आहे. गेल्या महिन्यात आजी न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, कोपर सोललं. कुणाला सांगू नको म्हणून तिने मला शपथ घातली. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी वाटलं, पुन्हा पडली तर? अण्णांना सांगून टाकलं. त्यांनी त्याच संध्याकाळी दाराची आतली कडी काढली. आता आजी आंघोळीला गेली की आईने आत उभं राहायचं असं ठरलं आहे. आजीचं म्हणणं एकच, कडी लावा, मग आंघोळ करते. तीन आठवडे झाले, ती खोलीत बसून ओल्या फडक्याने अंग पुसते. माझ्याशी बोलत नाही.

यावर अण्णांनी उपाय काढला आहे तो टबाचा. मोबाईलवर पाहिला. त्याला बाजूने दार असतं, चालत आत जायचं, बाकावर बसायचं. कंपनीचा माणूस येऊन मापं घेऊन गेला. टब एक लाख पासष्ट हजार. आपलं दार दोन फुटी, म्हणून भिंत फोडायची. मोठा गीझर, जाड वायर, नवा पाइप, फरशी. सगळं मिळून दोन लाख सत्तर हजार. अण्णा म्हणतात, आईपुढे पैसा काय.

आजीने त्या माणसाला विचारलं, पाणी भरेपर्यंत काय करायचं? तो म्हणाला, आत बसायचं, कारण भरल्यावर दार उघडत नाही. आणि आंघोळ झाल्यावर? पाणी ओसरेपर्यंत बसायचं. आजी म्हणाली, मग ही आंघोळ हाय का कोठडी?

मी काय करू, ते कळव. रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सृष्टी


शेंडी, १७ जानेवारी

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ‘विश्वासघात’ हा शब्द इतक्या स्वस्तात वापरू नये. पडली हे सांगितलंस ते योग्यच केलंस. कडी काढली ते चुकलं, आणि ती चूक तुझ्या बापाची आहे. दुसऱ्याच्या चुका आपल्या नावावर घ्यायची सवय तुला लहानपणापासून आहे. माझ्या शिकवणीत ती नव्हती.

तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. मी सहा वर्षांची असेपर्यंत आपल्या घराला न्हाणी नव्हती. गोठ्यामागे दोन बांबूंना पोतं बांधायचं आणि पहाटे उरकायचं. एकदा वारा सुटला, पोतं उडालं आणि वाटेने ऊसतोडीच्या गाड्या चालल्या होत्या. तुझी आजी ओल्या लुगड्यानिशी घरात आली. दुपारी मला सोबत घेऊन माहेरी निघून गेली. बावीस दिवस राहिली. तुझे आजोबा दोनदा न्यायला आले, दोनदा रिकामे परतले. तिने निरोप दिला की भिंती तुम्ही घाला, कडी मी आणते. कोपरगावच्या बाजारातून पितळी कडी घेतली आणि पदराच्या गाठीत बांधून सासरी आली. तुझ्या बापाने, राधाकृष्णने काढली ती हीच. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला आठवत असणार. विचार त्याला.

वहिनींना नमस्कार. दोन लाख सत्तर हजाराचा आकडा आमच्या ह्यांना, तुझ्या काकांना, वाचून दाखवला. ते म्हणाले, एवढ्यात आमच्याकडे तलाव होईल.

तुझीच,
आत्या


पुणतांबा, २४ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आजीच्याच पिशवीत घालते आहे. म्हणजे तुला मिळेल तेव्हा आजीही मिळेल.

अण्णांना विचारलं. त्यांना सगळं आठवतं. पण ते म्हणाले, तेव्हा ती तीस वर्षांची होती, घसरत नव्हती. मग म्हणाले, शेजारच्या रंगनाथच्या आईच्या न्हाणीचं दार मी फोडलं होतं, तुला माहीत आहे ना. आत्या, माहीत आहे. मी सातवीत होते. दार फोडलं तेव्हा उशीर झालेला होता. दोघांचंही खरं वाटतं, आणि त्यानेच झोप येत नाही.

आजीला मात्र झोप येते. काल जेवताना तिने जाहीर केलं, मी पुष्पीकडं चालले, तिच्या घराला कडी हाय. अण्णांना वाटलं, रागाने बोलली. आज ते फॅक्टरीत गेल्यावर ती पिशवी घेऊन ओट्यावर उभी होती. पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, सोडायला येतीस, का ह्येबी बापाला सांगतीस? मी रजा टाकली. संगमनेरपर्यंत सोबत येते, तिथून राजूरच्या गाडीत बसवते. राजूरला काकांनी स्टँडवर यावं, असा निरोप तुमच्या दुकानदाराकडे ठेवला आहे.

तिला जप, हे तुला सांगायला नको. पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सृष्टी


शेंडी, २ फेब्रुवारी

चि. राधाकृष्णास आईचा आशीर्वाद.

पुष्पी लिहितीय, बोलनं माझं हाय. सुधारायचं न्हाई, असं तिला बजावलंय.

मी सुखरूप पोचले. एसटीला पैसा पडला न्हाई, म्हाताऱ्यांना गाडी फुकट हाय. इथं रोज चुलीवरच्या तापल्या पान्यानं आंगूळ करते. आतून कडी लावते. पुष्पी भाईर भाकरी थापते, मी आत माझी आसते. अजून पडले न्हाई.

तू लई चांगला हायेस, ते मला ठावं हाय. पर बाबा, पावनेतीन लाख काढायला तयार झालास, अन् माझी कडी माघारी लावायला तयार न्हाईस. त्यो टब मला नको. माझ्या अंगाला सुनेनं हात लावावा, एवढी मी अजून गेलेली न्हाई. ज्या दिवशी जाईन त्या दिवशी मीच सांगीन. तवर माझं अंग माझं. रंगनाथच्या आईचं मला म्हाईत हाय. ती माझी मैत्रीन हुती. ती मेली, पर झाकल्या अंगानं मेली, येवढंबी ध्यानात ठेव.

कडी लागल्याबिगर मी येत न्हाई. आधी बावीस दिवस ऱ्हायले हुते, आता तर मला कामबी न्हाई.

तुझी आई,
चांगुणा


पुणतांबा, ११ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अण्णांनी दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. टबवाल्याचा फोन आला तेव्हा कळवतो म्हणाले, अजून कळवलेलं नाही.

मी आसाराम सुतारांना आणि एका गवंड्याला बोलावलं. अण्णांना विचारलं नाही, सांगितलं. दार आधी आत उघडायचं, म्हणजे तू दाराशी पडली असतीस तर ते उघडलंच नसतं. आता बाहेर उघडेल असं फिरवलं आहे. बसायला दगडी ओटा, भिंतीला स्टीलचा दांडा, खाली खरबरीत फरशी. माझ्या अर्ध्या पगारात झालं. तुझी कडी अण्णांच्या खिळ्यांच्या डब्यात होती. चिंचेने घासून बसवली, तुझा हात बसून पोचेल इतकी खाली.

एक गोष्ट तुला न विचारता करणार नाही. कडीच्या जरा खाली बोटभर भोक पाडायचं आणि त्यात बाहेरून लाकडी खुंटी ठोकायची. वेळ आलीच तर खुंटी काढून, आत काडी घालून कडी वर ढकलता येईल. तू नको म्हणालीस तर भोक पाडणार नाही. आसारामकाका थांबले आहेत.

मी तुझी शपथ मोडली. पुन्हा काही झालं तर लपवणार नाही, हेही आत्ताच सांगते. पण आता जे करीन ते तुझ्या तोंडावर करीन.

सृष्टी


शेंडी, १६ फेब्रुवारी (पोस्टकार्ड)

चि. सृष्टीस आशीर्वाद. पाड भोक. पर खुंटीला हात तुझा एकटीचा. आधी तीन हाका मारायच्या. तिन्हीला मी वो दिली न्हाई तरच. तुझ्या बापाला घाई आसती.
आजी


पुणतांबा, २२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काल काकांनी आजीला घरी आणून पोचवलं. आज सकाळी तिने बादली भरून घेतली, आत गेली आणि कडी लावली. तो आवाज घरात सगळ्यांनी ऐकला. आईने गॅस बारीक केला.

मी दाराबाहेर स्टूल टाकून बसले. तांब्याचा आवाज येत होता, मग थांबला. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं काहीच नाही. पहिली हाक मारली. उत्तर नाही. अण्णा आतल्या खोलीतून आले. त्यांचा चेहरा रंगनाथकाकांच्या दारापुढे होता तसाच होता. दुसरी हाक मारली. उत्तर नाही. अण्णांनी खुंटीकडे हात नेला.

आत्या, मी जन्मात अण्णांना अडवलेलं नाही. मी खुंटीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, अजून एक राहिली. ते म्हणाले, सृष्टी, बाजूला हो. मी झाले नाही.

तिसरी हाक मारली.

आतून आजी म्हणाली, दोन तवाच ऐकल्या हुत्या. बघत हुते, दम निघतो का तुमाला.

अण्णा तिथेच जमिनीवर बसले. आधी हसले, मग डोळे पुसले. मी स्टूलवरून उठले नाही. आत पुन्हा तांब्या वाजायला लागला. सगळं पाणी संपेपर्यंत ती बाहेर आली नाही.

टबवाल्याला अण्णांनी दुपारी नको म्हणून कळवलं.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं धाडस झालं, तो असाच ठेव.

तुझी,
सृष्टी