मास्तरीणबाईंच्या फाईलमधला रिपोर्ट

४ मार्च
आज डोळ्यांच्या दवाखान्यात रुजू झालो. आत्याने शब्द टाकला म्हणून नोकरी मिळाली, तेव्हा तिचं नाव राखायला हवं. काम सोपं आहे. पेशंटने यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. न दिसलेल्या जागा रिपोर्टवर काळ्या उमटतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यामागची नस वाळली तरी माणसाला काळं दिसत नाही; मेंदू त्या भोकावर शेजारची भिंत सारवून देतो. मला मोठी गंमत वाटली.

५ मार्च
नव्या माणसाने आधी स्वतःची तपासणी करायची, ही इथली पद्धत. माझ्या डाव्या डोळ्याची कड काळी आली. डोळ्यांच्या दवाखान्यात अर्धा आंधळा! आत्याला काय सांगू? सकाळी एक निवृत्त मास्तरीणबाई डोळे तपासून घेऊन गेल्या होत्या, त्यांचा रिपोर्ट स्वच्छ. दोन्हींवरच्या नावाच्या पट्ट्या बदलल्या. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. मला मान वर करवेना.

१९ मार्च
मास्तरीणबाई आल्या होत्या. त्या काळ्या रिपोर्टवरून मिळालेले थेंब डोळ्यांत घालायला लागल्यापासून दम लागतो म्हणाल्या. अशा थेंबांनी काहींचा श्वास कोंडतो, हे बाटलीसोबतच्या कागदावरच छापलंय. "मला दिसतं हो सगळं. पण कागद कशाला खोटं बोलेल?" मी नुसती मान डोलावली. माझीच मला किळस आली. उद्या सांगतोच.

२ एप्रिल
नाही सांगितलं. मास्तरीणबाई गेल्या. जिन्यात दम कोंडला म्हणे.
भरदुपारी तपासणीच्या खोलीत डावीकडे कुणीतरी धापा टाकतं. मान वळवली की खुर्ची रिकामी. समोर बघितलं की भिंत — आणि धाप.

९ एप्रिल
आता उजवा डोळाही कडेने जातोय. औषध घेतलं तर उरलेली नजर वाचेल. पण मग सगळं सांगावं लागेल — कोणत्या तोंडाने?

११ एप्रिल
डॉक्टरीणबाईंना द्यायच्या चिठ्ठीचा कच्चा मजकूर: 'घाईत रिपोर्टची अदलाबदल झाली.'
डावीकडे पेनाची खरखर. माझं पेन तर खाली ठेवलेलं —
मान वळवली. माझ्या ओळीवर लाल रेघ. शेजारी गोल, वळणदार अक्षर: खोटं. पुन्हा लिहा.
पुन्हा लिहिलं. नवा होतो, गोंधळलो म्हणून.
पुन्हा लाल रेघ.
धाप कानाशी आली —
लिहितो, बाई. खरं लिहितो. मी मुद्दाम —