धाकटीचा अंबाडा

ताई,

आम्ही लग्नाच्या हॉलवर निघालोय. तुला मुद्दामच उठवलं नाही. तुझा ड्रेस कपाटातच राहू दे. शिंप्याने दोनदा उसवून सैल केला, आता शिवणीत कापडच उरलं नाही म्हणाला, आणि तू तर त्यातही मावत नाहीस.

तुला ताप आलाय असं मी सगळ्यांना सांगितलंय. तेव्हा गॅलरीत उभी राहू नकोस, समोरच्या काकू उशिरा निघणार आहेत. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, बेताचंच आहे. जेवणानंतरची गोळी विसरू नकोस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पीसीओएस आहे, वजन वाढणं, केस जाणं तिच्या हातात नाही. नसेल. पण कुणाच्या हातात आहे ते फोटोत लिहून येत नाही. धाकटीच्या सासरचे आज पहिल्यांदाच सगळ्यांना बघणार. हे घराण्यातच आहे का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?

आणि कंगव्यात केस तसेच ठेवतेस म्हणून दोन वर्षं तुला बोलत होते ना, ते केस मी टाकले नाहीत. धुऊन पिशवीत साठवत होते. धाकटीचा अंबाडा लहान दिसत होता, म्हणून त्यांचं गंगावन करून घेतलं. काल लावून बघितलं, कुठे जोडलंय ते कळतसुद्धा नाही. कुणाचे आहेत ते तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, तिला किळस येईल.

तेवढी तरी तू फोटोत येशील.

आई